खाडी आली की उतरायचं

नवऱ्याने बँकेतून व्हीआरएस घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात एक्सेल शीट उघडली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. शीटचं नाव होतं 'सागरी'. तारीख, मुक्काम, अंतर, चढ, बोटीची वेळ, जेवण असे रकाने. शेवटच्या रकान्यात फक्त 'मामी' लिहिलेलं. तो रकाना भाच्याने नवऱ्याच्या गैरहजेरीत घातला होता. त्यात मी रोज किती वेळा 'परत जाऊया' म्हटलं ते मोजायचं होतं.

मी ५३ वर्षांची, नवरा ५८. लॉकडाऊन उठल्यावर दोघांनी सायकली घेतल्या. त्याने हौसेने, मी चालून कंटाळले होते म्हणून. रविवारी पार्ल्याहून मरीन ड्राइव्ह, कधी आरेचे चढउतार आणि गेल्या सहा महिन्यांत नॅशनल पार्कच्या फाटकातून कान्हेरी. मुंबईत घाट कुठून आणायचा? कान्हेरीचा चढच तीनतीनदा चढलो. माकडं ओळखायला लागली.

बेत असा: पार्ल्याहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत जायचं. रेडीच्या पुढे तेरेखोलची खाडी आणि गोवा. सोबतीला आमची गाडी, ती चालवायला भाचा. त्याची एक नोकरी सुटली होती, दुसरी महिन्याने सुरू होणार होती. गाडीत दोन जास्तीचे टायर, सहा ट्यूब, पंप, इलेक्ट्राल, राजगिऱ्याचे लाडू, माझी उशी. नियम तीन. सूर्य मावळल्यावर चालवायचं नाही. भूक लागायच्या आधी खायचं. आणि आजारी पडल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. तिसरा नियम नवऱ्याचा. हे लक्षात ठेवा.

पहिला दिवस: पार्ले ते मुरूड

जानेवारीतली पहाट, पावणेपाच. मुंबईत जॅकेट घालायची संधी वर्षातून चार दिवस मिळते, त्यातला एक. दादरला फुलबाजारात झेंडूच्या राशी उतरत होत्या. परळ, लालबाग, भायखळा करत माझगावात पोचलो तेव्हा भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव रंगात आलेला. ओल्या फरशीवरून सायकल हातात धरून चालताना एक कोळीण म्हणाली, "ताई, सायकलवर कुठे? गोव्याला?" तिने थट्टेने विचारलं होतं. मी "जवळजवळ" म्हटलं तर तिने टोपली खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं.

धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, म्हणून हा प्रवास जमतो. गाडीसकट बोटीत चढायचं आणि तासाभराने पलीकडे उतरायचं. नाहीतर पनवेल आणि वडखळ नाक्याची ट्रकची रांग. बोटीत भाच्याने पहिला वडापाव खाल्ला, आम्ही पहिली केळी.

मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर सपाट रस्ता. नवरा माझ्या पुढे पन्नास फुटांवर आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून मी आहे ना बघणार. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवर पूल आहे. तो ओलांडला की साळाव, मग कोर्लई. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांचा. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. पाणी प्यायला थांबलो तिथे दोन आज्या आपसात बोलत होत्या. सूर अगदी आपल्या आगरी-कोळी बायकांचा आणि शब्द एक कळेल तर शपथ.

काशिदच्या पुढे पहिला खरा चढ आला. फार मोठा नाही, पण घरापासून ७५ किलोमीटर झालेले. मुरूडला पोचलो तेव्हा मीटरवर ९१. 'मामी' रकान्यात: २.

दुसरा दिवस: मुरूड ते हरिहरेश्वर

सकाळी राजपुरीच्या वळणावरून जंजिरा दिसतो. पाण्यातून थेट उगवल्यासारखा. किनाऱ्याचा हा एक किल्ला मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. नवऱ्याला थांबून शिवाजी, संभाजी, सिद्दी सगळं सांगायचं होतं, पण आगरदांड्याची बोट चुकली असती. इथून पुढे आमचं घड्याळ बोटींच्या हातात गेलं.

हे जरा सांगायला हवं. रेवस ते रेडी सागरी मार्ग कागदावर सलग दिसतो, पण मध्ये मोठ्या खाड्या आहेत. तिथे कोकणातले लोक ज्याला जंगलजेट्टी म्हणतात ती सपाट बोट लागते. ट्रक, रिक्षा, म्हशी, लग्नाचं वऱ्हाड, सगळे एका फळीवर. आमच्या वाटेवर अशा चार: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मांडव्याची धरून पाच बोटी. सायकलवाल्याला खाडी म्हणजे दोन गोष्टी. उतरून समुद्राच्या पातळीला यायचं, दहा मिनिटं बसायला मिळतं. आणि पलीकडे पुन्हा शून्यापासून चढायचं.

दिघीला उतरून बोर्लीमार्गे दिवेआगर. अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, गल्लीत नारळाच्या झावळ्यांचा वास. इथल्या सुवर्णगणेशाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९९७ साली एका बागेत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत मूर्ती सापडली, २०१२ साली दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. आता तिथे नवी मूर्ती आहे, २०२१ पासून. देवळात गेल्यावर माझं लक्ष मूर्तीकडे कमी आणि दाराच्या कुलपांकडेच जास्त गेलं.

दिवेआगर, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन. या रस्त्याबद्दल लिहिताना हात आखडता घ्यायला नको. वीसएक किलोमीटर समुद्र उजव्या हाताला आहे, कधी पायाशी, कधी शंभर फूट खाली. दुपारचे दोन वाजले होते, एरवी ही वेळ सायकलवाल्याने झाडाखाली काढायची. पण पाठीमागून वारा आला. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे पायांना कळतात. सकाळी जमिनीकडून येणारा वारा अंगावर आडवा लागतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. हिवाळ्यात तो वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर हात. म्हणून हा प्रवास मुंबईहून खाली करायचा, उलटा करायचा नाही. शेखाडीच्या उतारावर मी ब्रेक सोडले. नवऱ्याने मागे वळून बघायच्या आत मी त्याच्या पुढे गेलेली.

श्रीवर्धनला, बाळाजी विश्वनाथांच्या गावात, एका खानावळीत आमटीभात आणि उकडीचे मोदक. हरिहरेश्वरला संध्याकाळी भाचा मामाची सायकल घेऊन दूध आणायला गेला. परत येऊन म्हणाला, "मामा, तुझी सायकल म्हणजे लोणी आहे." ही गोष्ट मी तेव्हा विसरले.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते कर्दे

बागमांडल्याहून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि रायगड जिल्हा संपला. पलीकडे बाणकोट आणि वेळास. वेळास नाना फडणवीसांचं गाव, पण आता त्याला कासवांचं गाव म्हणून जास्त ओळखतात. ऑलिव्ह रिडले माद्या इथे वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, एरवी ती कुत्र्या-कोल्ह्यांच्या आणि माणसांच्या पोटात जायची. पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर मार्चच्या आसपास यायला हवं. आम्ही जानेवारीतले, आम्हाला नुसती वाळू.

केळशीच्या अलीकडचा चढ मी एका दमात चढले. नवरा मागे राहिला. वर थांबले तर तो डावा पाय जरा वाकडा टाकत येत होता. "काय झालं?" "काही नाही, चेन जरा करकरतेय." चेन ठीक होती.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती लांबूनच हात जोडून. हर्णैला सुवर्णदुर्ग आणि संध्याकाळचा लिलाव. सुरमईचा भाव ऐकून भाच्याने फोनवर मुंबईचा भाव पाहिला आणि गप्प बसला. पुढे पुन्हा एक मुरूड लागतं, हे दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. रात्री सासूबाईंचा फोन आला. "कुठे पोचलात?" "मुरूडच्या पुढे, आई." "अगं, परवा पण मुरूडच म्हणत होतीस. तीन दिवस तिथेच?" त्यांना नकाशा समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

चौथा दिवस: कर्दे ते गुहागर

लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. चढ, उतार, चढ, उतार. रायगडात रस्ता किनाऱ्याला चिकटून जातो, रत्नागिरीत मात्र तो सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं वरचं सपाट माळरान. वर हवा, खाली खाडी आणि मध्ये एवढीएवढी वळणं. कान्हेरीची माकडं आठवली.

दाभोळ आता शांत गाव आहे. बहमनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजात बसला. आम्ही तिथेच वासिष्ठीची बोट पकडली. त्याच्या जहाजात काय होतं कोण जाणे, आमच्या बोटीत चहावाला होता.

धोपाव्यानंतर डोंगरावरून एकेकाळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाची धुराडी दिसली. गुहागरला व्याडेश्वराला नमस्कार करून खोलीत शिरलो तर बाथरूममधून बामचा वास. नवरा गुडघ्याला लावत होता, दार लावून. मी काही बोलले नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढं तर शिकलेच आहे.

पाचवा दिवस: गुहागर ते गणपतीपुळे

पालशेतच्या बाजारात उतरलो आणि समोर पुढचा चढ दिसला. नवरा थांबला. सायकलवरून उतरला, पुन्हा बसला, पुन्हा उतरला. भाचा गाडी घेऊन मागून आला, काच खाली करून म्हणाला, "मामा, अँब्युलन्स तयार आहे." एरवी यावर मामाने त्याला झापला असता. तो गाडीत बसला. नियम क्रमांक तीन. सायकल कॅरियरवर चढताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू पण बस हवं तर."

"नाही. मी येते. तवसाळच्या जेट्टीवर भेटू."

गाडी गेली. मग माझा आणि रस्त्याचा आवाज उरला.

इथून तवसाळ तीसएक किलोमीटर. चढाच्या पहिल्या वळणावर मला थोडी भीतीच वाटली. पंक्चर झालं तर? फोनला रेंज नाही. मग लक्षात आलं की पुढे कोणी वळून बघत नाहीये. मला त्याच्या वेगाला आपला वेग जुळवायचा नाहीये. मी थांबले तर मला वाटलं म्हणून थांबले. एका सड्यावर आंब्याच्या बागेत मोहोरावर फवारणी चालू होती, तिथे उगाच पाच मिनिटं उभी राहिले. वेळणेश्वराच्या उतारावर मोठ्याने गाणं म्हटलं. हेदवीला दशभुज गणपतीच्या पायऱ्या चढले नाही, त्याला तसं स्पष्ट सांगितलं. एका घरासमोर पाणी मागितलं तर आजीबाईंनी आगळ घालून कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "एकटीच? घरचे कुठे?" "गाडीतून गेले." "बरं केलंस," त्या म्हणाल्या. त्यांना नक्की काय बरं वाटलं ते मी विचारलं नाही.

तवसाळला पोचले तेव्हा दोघे जेट्टीच्या कठड्यावर बसले होते. नवऱ्याचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा. तो उठला, माझी सायकल धरली, मीटरकडे बघितलं.

"कसं झालं?"

"कंटाळा आला रे एकटीला," मी म्हटलं.

बोट आली. जयगडला उतरून मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बाहेरूनच, आणि गणपतीपुळ्याला मुक्काम. तोही शेवटचे वीस किलोमीटर सायकलवर आला, एका पायाने जास्त जोर लावत.

सहावा दिवस: गणपतीपुळे, आराम

आराम आधी शीटमध्ये नव्हता. सकाळी पार्ल्याच्या आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन लावला. "गुडघा पुढून दुखतो की मागून?" "पुढून." "सीट खाली केलीत का?" नवरा उखडला. "सहा महिने तीच उंची! खूण केलीय!" खूण माझ्याच नेलपॉलिशची होती, सीटच्या दांड्यावर बारीक लाल रेघ. बघायला गेलो तर रेघ नाही. दांडा आत सरकला होता, रेघ नळीत गेली होती.

भाचा हळूहळू दाराकडे निघाला.

"मामा... हरिहरेश्वरला दूध आणायला गेलो ना, माझे पाय पोचत नव्हते. परत वर केली होती मी. अंदाजाने."

त्याचा अंदाज दीड सेंटिमीटर चुकला होता. सीट खाली असली की पेडल वर आलं असताना गुडघा जास्त दुमडतो. त्याच स्थितीत दिवसातून हजारो वेळा जोर लावला की वाटीच्या मागे दुखायला लागतं. बाईंनी सोपी परीक्षा सांगितली: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली न्यायचं, पाय सरळ व्हायला हवा. रेघ बाहेर आली. भाच्याला त्या दिवशी तिघांचे कपडे धुवायला लावले. बर्फ, पाय वर, समुद्र खिडकीतून.

सातवा, आठवा आणि नववा दिवस: कुणकेश्वरपर्यंत आणि पुढे मालवण

आरे-वारेचा रस्ता, ज्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला. भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, कशेळी. नवरा सकाळी सायकलवर आणि दुपारी गाडीत, बाईंच्या हुकमाने. म्हणजे दुपारचा पाठीवरचा वारा माझ्या एकटीचा.

कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं बघितली. जांभ्यावर कोरलेला भलामोठा हत्ती आणि त्याच्या पोटात किती तरी प्राणी, मासे. जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही. कोरणाऱ्याने वरून कधी पाहिला असेल? कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आम्ही गेलो तेव्हा कोणीच नव्हतं, दोन गाई होत्या आणि पायाखाली तापलेला कातळ.

नाटे, जैतापूर, मग देवगड तालुका. सिंधुदुर्गात रस्ते बरे आणि बोटी संपलेल्या, सगळीकडे पूल. थोडं चुकल्यासारखं झालं. कुणकेश्वरहून आचरामार्गे मालवण हा पट्टा पटकन सांगते: छान, सपाट, गरम. मालवणला कोंबडी-वडे आणि सोलकढी. सिंधुदुर्ग किल्ल्याला जायला होडीत बसावं लागतं, ती सहावी बोट धरावी की नाही यावर मामा-भाच्याचा वाद.

दहावा दिवस: मालवण ते रेडी

आज नवरा पूर्ण दिवस सायकलवर. परुळे, वेंगुर्ला, शिरोडा. शिरोड्याच्या मिठागरांत १९३० साली सत्याग्रह झाला होता. आजही आगरांत पाणी साठलेलं दिसतं आणि बांधावर पांढरे ढीग. वेंगुर्ल्याच्या पुढे एका चढाच्या तळाशी तो बाजूला झाला. "तू हो पुढे." मी गेले. मागे बघितलं नाही. वर पोचल्यावर बघितलं.

रेडीला रस्ता लाल होतो, लोहखनिजाच्या धुळीने. खाणीत सापडलेल्या दोन हातांच्या गणपतीसमोर सायकली लावल्या. माझ्या मीटरवर दहा दिवसांचे ६१४. त्याच्या मीटरवर ५१७. भाच्याने फोटो काढला आणि 'मामी' रकान्याची बेरीज जाहीर केली: ५. सगळे पहिल्या तीन दिवसांतले.

परत येताना शिरोड्याच्या किनाऱ्यावर सूर्य बघायला थांबलो. भाचा गाडीत झोपलेला.

"त्या दिवशी तवसाळला," नवऱ्याने विचारलं, "खरंच कंटाळा आला होता?"

"नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मीटर बघितला होता. तुझा ॲव्हरेज स्पीड पहिल्यांदा पंधराच्या वर गेला होता."